एक्याऐंशी बाय तीस

४ जानेवारी

भाऊजी,

आशीर्वाद. घरी सगळे धडधाकट आहेत, हे आधीच सांगून टाकते. एकतीस वर्षांत मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही आणि आज माझं अक्षर पाकिटावर पाहून, कोण गेलं आता, असं म्हणत तुम्ही खुर्ची शोधली असणार. बसा निवांत. कोणी गेलेलं नाही.

फोन का नाही केला? माझ्या खोलीतलं बोलणं पुढच्या खोलीत जातं, तिथून स्वयंपाकघरात, आणि मी फोन ठेवायच्या आत जाऊबाईंचं त्यावर मत तयार असतं. या कामात मला कोणाचं मत नकोय. माहिती हवी आहे, आणि ती तुमच्याकडे आहे.

मला लाकूड कापायचं मशिन घ्यायचंय. कॉम्प्युटरवर चालतं ते, सीएनसी राउटर. तुमचं आयुष्य टूलरूममध्ये गेलं. मशिन केवढं घ्यावं आणि त्यातली ती बिट फिरवणारी मोटर, म्हणजे स्पिंडल, किती ताकदीचा घ्यावा, एवढंच सांगा. दुकानात गेले होते. दुकानदार म्हणाला, "साहेब नाही आले बरोबर?" मी म्हटलं, साहेब चार वर्षांपूर्वी वारले, आता तुम्ही उत्तर देता का? तर त्याने एक कागद हातात दिला आणि जाऊन पंख्याखाली उभा राहिला.

मला अगदी अडाणी समजू नका. भरतकामाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं कॉम्प्युटरचं मशिन चालवलंय. सुई कुठे उतरेल, कुठून वळेल, कुठे उचलेल, हे सगळं आधी आखून द्यायचं आणि मग मशिनच्या डोक्यावर बसून राहायचं, हेच माझं काम होतं. सुईच्या जागी बिट आणि कापडाच्या जागी लाकूड, एवढाच काय तो फरक असणार. गेल्या वर्षी कारखान्याने आम्हा जुन्यांना एकेक घड्याळ देऊन घरी पाठवलं, तेव्हापासून हात शिवशिवताहेत.

उत्तर घरी पाठवू नका. घरी आलेलं माझं पाकीट मला फोडूनच मिळतं. कोपऱ्यावरच्या टेलरच्या पत्त्यावर पाठवा. आम्ही कारखान्यात शेजारी शेजारी बसायचो, तोंडाचा घट्ट आहे.

तुमची वहिनी

१३ जानेवारी

ती. वहिनींस नमस्कार.

खुर्ची खरंच शोधली होती. बायकोने पाणीसुद्धा आणून ठेवलं होतं.

तुम्हाला छंद लागला हे फार चांगलं झालं. दादा गेल्यापासून तुम्ही कशात रमलात असं ऐकलं नव्हतं. माझं ऐकाल तर छोटं मशिन घ्या, एक फूट बाय दीड फूट. स्पिंडल पाचशे वॅटचा पुष्कळ झाला. नावाच्या पाट्या, ट्रे, भिंतीवरची घड्याळं, किल्ल्या अडकवायच्या फळ्या, सगळं होतं त्यात. मऊ लाकूड घ्यायचं, थोडं थोडं कापायचं, घाई नाही. घरच्या वायरिंगवर ताण नाही, आवाज बेताचा. टेबलावर बसतं आणि काम झालं की वरून कापड टाकलं की दिसतही नाही. एकट्या माणसाला याहून मोठं काय करायचंय?

पहिला ट्रे मला पाठवा.

तुमचा भाऊजी

१९ जानेवारी

भाऊजी,

"वरून कापड टाकलं की दिसतही नाही." हे वाक्य मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा टेलरलाही वाचून दाखवलं. तो कात्री खाली ठेवून म्हणाला, "ताई, जपून उत्तर लिहा."

जपून लिहिते आहे. मला ट्रे करायचा नाही. घड्याळ करायचं नाही, एक मिळालंय. किल्ल्या अडकवायची फळी तर अजिबातच नाही, कारण माझ्याकडे एकही किल्ली नाही. हे गेल्यापासून सगळे मला लहान लहान वस्तू सुचवताहेत. लहान पातेलं घे, लहान कपाट घे, एकटीला केवढं लागतं. मोठा पलंग काढून एक खाट टाकली, तीही मला न विचारता. आता मशिनही लहान घेऊ?

चार बाय आठ फुटांचं घेईन. दुकानातलं सगळ्यात मोठं तेच आहे. स्पिंडलही सगळ्यात मोठा. मशिनचे पैसे माझे आहेत. तुम्ही फक्त काय काय बघून घ्यायचं ते कळवा.

वहिनी

२८ जानेवारी

ती. वहिनींस,

रागावलात. बायकोनेही पत्र वाचलं आणि दोन दिवस ती मला "कापड टाकू का?" असं विचारते आहे.

पण वहिनी, चार बाय आठ म्हणजे ते कापू शकतं ती जागा. बाहेरचा सांगाडा त्याहून मोठा. तुमची खोली आठ बाय दहा, मला पक्कं आठवतंय. मशिन आत गेलं तर तुम्ही झोपणार कुठे, मशिनवर? आणि आत जाणार कसं? सगळ्यात मोठा स्पिंडल लावाल तर घरातले दिवे डोळे मिचकावायला लागतील.

टूलरूममध्ये आम्ही कधी मशिनपासून सुरुवात करत नाही. आधी विचारतो, करायची ती सगळ्यात मोठी वस्तू कोणती? मशिनचं माप तिथून निघतं. उगाच मोठं घेतलं तर जागा खातं, उगाच छोटं घेतलं तर रडवतं. तेव्हा सरळ सांगा, काय करायचंय? लपवायसारखं काय आहे त्यात?

भाऊजी

३ फेब्रुवारी

भाऊजी,

एक्याऐंशी इंच लांब, तीस इंच रुंद, सव्वा इंच जाड.

काय आहे ते कळायला हवं असेल, तर तुम्ही घरी ज्या टेबलावर काम करता त्याचं माप घ्या.

वहिनी

५ मार्च

ती. वहिनींस सा. न.

माप घेतलं. एक्याऐंशी बाय तीस.

उत्तराला महिना लागला. पहिल्या पत्रात मी विसरलो होतो असं लिहिलं, ते फाडलं. दुसऱ्यात, मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो असं लिहिलं, तेही फाडलं. हे तिसरं.

विसरलो नव्हतो. टेबलाच्या खालच्या अंगाला बिजागऱ्यांच्या तीन खाचा आहेत आणि कडीची चार भोकं. ती मीच पुट्टी भरून बुजवली होती, नोकरीच्या पहिल्याच वर्षी. विसरलेला माणूस असं करत नाही.

तुमच्या लग्नाला चार महिने झाले होते. माझी अप्रेंटिसची परीक्षा होती, ड्रॉइंगसाठी मोठी सपाट फळी हवी होती, आणि घरात सगळ्यात सपाट होतं ते तुमच्या खोलीचं दार. दादाला विचारलं, तो म्हणाला, ने. तुम्हाला विचारलं नाही. दोन महिन्यांत परत लावतो म्हणालो आणि पडदा बांधून दिला. मग पास झालो, नोकरी लागली, गाव सुटलं, आणि सामानाबरोबर "माझं टेबल" म्हणून तेही घेऊन आलो. एकदा थोरल्या दादाला, तुमच्या जाऊबाईंच्या यजमानांना, म्हटलं होतं, वहिनींच्या खोलीला दार करून देतो. तो म्हणाला, राहू दे, पडद्याने घर मोकळं वाटतं. खरं सांगू? मला सुटल्यासारखं झालं.

रविवारी टेबलाचे पाय काढले. पुट्टी खरवडली. खाचा शाबूत आहेत. टेम्पो सांगून ठेवलाय, पुढच्या आठवड्यात दार तुमच्याकडे पोचेल. मशिन नको नि काही नको.

मला लाज वाटते आहे, वहिनी.

भाऊजी

१० मार्च

भाऊजी,

टेम्पो थांबवा. आजच. दार घेऊन आला तर मी उतरवून घेणार नाही, सांगून ठेवते.

तुमची लाज खरी आहे, दिसतंय मला. पण मला परत केलेलं दार नकोय. एकदा तुम्ही नेलंत, आता तुम्ही देताय. यात मी कुठे आहे? मला माझं दार हवंय. ते करायला मशिन, मशिनचं माप हवं म्हणून तुम्हाला पत्र. तुमचा कान पिरगाळायला नाही. म्हणजे थोडासा पिरगाळायलाही, पण तो झाला आता पिरगाळून.

पडद्याचं काय असतं ते सांगते, कारण तुम्हाला ते माहीत असायचं कारण नाही. पडदा जमिनीपासून चार बोटं वर असतो. त्या चार बोटांत दिसणाऱ्या पावलांवरून मी आख्खं घर ओळखते. एकतीस वर्षं मी कपाटाच्या आड कपडे बदलले. रडायचं तर मोरीत, नळ सोडून. पडद्याला कोणी हाक मारून येत नाही, पडदा बाजूला सारूनच विचारतात, "झोपली होतीस का गं?"

तीन वेळा सुतार बोलावला. पहिल्याला जाऊबाईंनी स्वयंपाकघरातल्या मांडणीला लावलं. दुसऱ्याला पुतण्याने, जाऊबाईंच्याच मुलाने, बाहेरचं फाटक दुरुस्त करायला सांगितलं. तिसरा चांगला होता, माप घेऊन गेला, आणि जाता जाता दारात पुतण्याला विचारून बसला, "साहेब, करायचं ना?" साहेब म्हणाले, "काकूंना एकटीला दार कशाला? पडली-बिडली तर कळायचं कसं?" झालं. म्हणून आता सुतारच नको. सुताराला परत पाठवता येतं, मला नाही.

आणि एक. तुमचा दादा गेला त्या दुपारी तुम्हीही होतात. खोलीत आठ माणसं होती आणि पडद्यापाशी चार. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तुला एक सांगायचं होतं." मग सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "नंतर सांगतो." आठवतंय? मी कोणाला म्हणणार, बाहेर जा? आणि लावणार काय, पडदा? ते काय होतं ते मला कधीच कळणार नाही. साधंच असेल. कपाटाची किल्ली कुठेय असंही असेल. पण ते माझं होतं.

आता घाई का, तेही ऐका. वर मजला चढवायचाय आणि जिना माझ्या खोलीतून काढायचं ठरलंय. ठरलंय म्हणजे मला सांगितलंय. "तिथे दार नाहीच, जाण्यायेण्याचीच जागा आहे ती," असं पुतण्या म्हणाला. जूनच्या सुरुवातीला गवंडी येणार. मी नाही म्हणाले. सगळ्यांना वाटतंय, म्हणू दे, म्हणेल आणि गप्प बसेल.

आता कामाचं. चार बाय आठचा हट्ट सोडला, पण तुमच्या ट्रेवालंही घेणार नाही. आमच्या भरतकामाच्या मशिनची फ्रेम चौदा इंचांची. त्यावर आम्ही पलंगभर चादरी भरायचो. एक भाग भरला की कापड सरकवायचं, दोन कोपऱ्यांच्या खुणा जुळवायच्या, पुढचा भाग सुरू. सांधा कुठेय ते शिवणाऱ्यालाही दाखवता यायचं नाही. लाकूड असं सरकवता येत नाही का? दार काही एका फळीचं नसतं. उभ्या दोन पट्ट्या, आडव्या तीन, मधे दोन फळ्या. कागदावर काढून पाठवते आहे. बघा आणि चूक असेल तर चूक म्हणा, मला जपू नका.

वहिनी

१८ मार्च

ती. वहिनींस,

टेम्पो थांबवला.

ती दुपार मला आठवते. मी पडद्यापाशी होतो, त्या चारांतला.

कामाचं लिहितो, ते तरी धड येतं. तुमचं ड्रॉइंग टूलरूममध्ये नेलं. तिघांनी बघितलं, तिघांनी विचारलं कोणी काढलं. चूक नाही. उलट मीच तीस वर्षं धातू कापून कापून बावळट झालो होतो, धातू असा सरकवत नाहीत म्हणून मला सुचलं नाही. लांबी सरकवून मिळते. रुंदी मात्र मिळत नाही, कारण वरचा पूल, म्हणजे स्पिंडल धरणारी आडवी कमान, जेवढा रुंद तेवढंच लाकूड त्याखालून जातं. तेव्हा माप रुंदीवरून ठरवायचं. तुमच्या मधल्या फळ्या बावीस बाय बत्तीस. म्हणजे दोन फूट बाय तीन फूट कापणारं मशिन घ्या. दोन्ही टोकांना उघडं हवं, समोर आडवी पट्टी असलेलं अजिबात नको, नाहीतर लाकूड आरपार जाणार नाही.

स्पिंडल दीड किलोवॅटचा. पाचशे वॅटचा तुमच्या सव्वा इंच जाड कडक लाकडात हाय खाईल, ते मी चुकीचं सांगितलं होतं. सगळ्यात मोठाही नको, एवढ्या मशिनच्या पुलाला ते वजन झेपत नाही, तो थरथरतो आणि खाच वाकडी येते. पाण्याने थंड होणारा घ्या. पंख्याचा किंचाळतो, पाण्याचा नुसता गुणगुणतो. बादली आणि छोटा पंप लागेल. बारा मिलिमीटरची बिट पकडेल असा बघा. त्याला वेगळी वायर ओढून घ्या.

उभी पट्टी एक्याऐंशी इंचांची आहे, ती सरकवताना दोन्हीकडे जागा लागेल. हिशोब केला, खोली सहा इंच कमी पडते. काय करावं सुचत नाही.

पुतण्याला मी पत्र लिहू का? घरात माझाही हिस्सा आहे. एका वाक्यात जिना थांबेल.

भाऊजी

२४ मार्च

भाऊजी,

पुतण्याला काही लिहायचं नाही. तुम्ही थांबवलंत तर ते काकांनी थांबवलं होईल. घरात हिस्सा माझाही आहे.

सहा इंचांची काळजी करू नका. मशिन दाराच्या सरळ रेषेत मांडते. दार नाहीच ना तिथे. लाकूड पडद्यातून बाहेर जाईल.

वहिनी

२० एप्रिल

भाऊजी,

मशिन आलं. सुटे भाग करून आणलं, टेलरने आणि मी मिळून दोन दिवसांत जोडलं. जाऊबाई पडदा धरून उभ्या होत्या. "शिवायचं आहे का?" म्हणाल्या. मी हो म्हटलं.

काल पहिली खाच कापली आणि सगळं मुसळ केरात. लाकूड जळलं! खाच कोळशासारखी काळी, खोलीत धूर, धूर पडद्यातून बाहेर. पुतण्याने धावत जाऊन मेन स्विचच पाडला. नंतर तासभर माझ्या डोक्यावर उभा राहून बोलला. काकू, तुम्हाला झेपत नाही, काकू, उद्या घर पेटेल, काकू, हे विकून टाका. जाऊबाई म्हणाल्या, "हिला काय कमी आहे इथे?" मी तोवर जळलेली पट्टी मशिनवरून सोडवून घेतली.

मी काळजी घेतली होती हो. स्पिंडल पूर्ण वेगाने फिरवला आणि पुढे सरकायचा वेग अगदी कमी ठेवला, मुंगीच्या पावलाने. कारखान्यात अवघड जागा आली की आम्ही हेच करायचो, नाहीतर धागा तुटतो. मग जळलं कसं? तुमचं उत्तर मला लवकर हवंय. लाकडाच्या दोन पट्ट्या उरल्यात, तिसरी आणायला तोंड नाही.

वहिनी

२६ एप्रिल

वहिनी,

तुम्हाला झेपतंय. घाबरलात, एवढंच चुकलं.

धाग्याचं आणि लाकडाचं उलट आहे. बिट जोरात फिरते आहे आणि पुढे सरकत नाही, म्हणजे ती कापत नाही, एकाच जागी घासते. घासलं की जळतं. स्पिंडलचा वेग थोडा उतरवा आणि पुढे जायचा वेग तिप्पट करा. हो, तिप्पट. एका वेळी तीन मिलिमीटर खोल, जास्त नको. खाली पडतो तो भुसा बघा. पिठासारखा असेल तर अजून घाबरताय. बारीक कीस पडला तर बरोबर.

पट्टी सरकवल्यावर खुणा जुळवायला पेन्सिल वापरू नका. दोन भोकं पाडा आणि खालच्या पाटात दोन खुंट्या बसवा, लाकूड त्यांच्यावर बसलं की हलणार नाही. तुमच्या चादरीच्या कोपऱ्यांसारखंच.

जळलेली पट्टी टाकू नका. तिच्यावर सराव करा.

भाऊजी

१७ मे

भाऊजी,

कीस पडला. कुरकुरीत, पिवळाधमक, पाव इंचाचा! मी एकटीच खोलीत हसत होते.

परवा पहिली उभी पट्टी झाली. मशिनमधून निघाली ती पडदा उचलून सरळ पुढच्या खोलीत गेली, जाऊबाईंच्या खुर्चीपाशी. पाहुणे बसले होते. लाकूड हळूहळू त्यांच्याकडे सरकतंय आणि सगळे पाय वर घेऊन बसलेत. जाऊबाई ओरडल्या, "अगं, हे काय बाहेर येतंय?" मी आतूनच म्हटलं, "दार येतंय." मला वाटतं, तोवर त्यांना मी कसलं तरी कपाट करते आहे असं वाटत होतं.

संध्याकाळी आल्या. पडदा सारून, नेहमीसारख्या. म्हणाल्या, "एवढं काय आहे तुझ्याकडे झाकायसारखं?" मी म्हटलं, "काहीच नाही. तरी हवंय." लाकडावरून हात फिरवला आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी स्पिंडलची बादली रिकामी करून त्यांनी फरशी पुसून घेतली. मुद्दाम की न कळत, ते त्यांचं त्यांना ठाऊक. माझं लक्ष होतं म्हणून मोटर वाचली. आता बादलीवर मोठ्या अक्षरात माझं नाव लिहिलंय.

टेलर विचारत होता, मधल्या फळ्यांवर वेलबुट्टी काय काढणार? सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या कापडावर फुलं काढली, ताई, आता स्वतःची काढा. मी म्हटलं, एकही नाही. सपाट ठेवणार. लोकांनी बघत उभं राहावं म्हणून दार करत नाहीये मी.

जिन्याच्या विटा आल्या. अंगणात रचल्यात.

वहिनी

२४ मे

ती. वहिनींस,

दुसरी उभी पट्टी कापताना पाहुणे बोलावून ठेवा.

दार लावायच्या दिवशी येऊ का? वजन असेल, एकटीला पेलणार नाही. नाही म्हणालात तर येणार नाही. आणि कडी आतून लावायची की बाहेरून तेही ठरवा. तुमच्या जुन्या दाराला दोन्हीकडून होती, भोकांवरून दिसतंय. ते दार मी अजून भिंतीला उभं करून ठेवलंय. त्यावर आता काम होत नाही माझ्याच्याने, जमिनीवर बसून करतो.

भाऊजी

९ जून

भाऊजी,

तुम्हाला बोलावलं नाही, राग मानू नका. दार उचलायला तुम्ही असतात तर सगळ्यांनी म्हटलं असतं, दिराने येऊन लावून दिलं. टेलरने एका बाजूने धरलं. चौकटीवरचा रंग खरवडला, तर आत तीन जुन्या खाचा निघाल्या. त्यातच बिजागऱ्या बसवल्या. कडी एकच, आतून.

दोन जूनला सकाळी मी खाटेवर बसले होते आणि दारावर टकटक झाली. मी सवयीने खाली बघितलं, तर पावलं दिसेनात. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मला विचारावं लागलं, "कोण?"

"गवंडी, बाई. आत यायचं होतं."

"कशाला?"

"जिना काढायचाय."

"जिना इथून जाणार नाही. माझी खोली आहे ही."

मग तो पुतण्याला म्हणाला, आणि हे मी अक्षरशः लिहिते आहे, "साहेब, तुम्ही म्हणाला होतात मोकळी जागा आहे. आत तर बाई राहतात." पुतण्याने दार बडवलं. काकू, तमाशा करू नका, काकू, उघडा. मी उघडलं. उंबऱ्यात उभी राहिले आणि म्हटलं, "घरात तुझ्या काकांचा हिस्सा आहे तो आता माझा. मी मार्चपासून नाही म्हणते आहे, तेव्हा कोणाला ऐकू गेलं नाही. आज परत सांगते, नाही." आणि लावून घेतलं. माझा आवाज जराही चिरकला नाही. नंतर खाटेवर बसून रडून घेतलं ते वेगळं, तेही नळ न सोडता, पण ते बघायला कोणी नव्हतं. तुम्हाला कळतंय का, भाऊजी? कोणी नव्हतं!

गवंड्याने विटा मागच्या अंगाला नेल्या. जिना तिकडून निघतोय. जरा वळसा पडेल, पडू दे.

त्याच दुपारी परत दारावर थाप. हाताच्या पंजाने, टकटक येत नाही त्यांना. "अगं ए, मी आहे." मी भांडायच्या तयारीने उघडलं. जाऊबाई आत आल्या, खोलीभर बघितलं, आणि म्हणाल्या, "कडी लाव."

मी लावली. तुम्हाला माहीत नसेल, मुलाचं लग्न झाल्यापासून अकरा वर्षं त्या पुढच्या खोलीत झोपतात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाटेत. माझ्याही कधी लक्षात आलं नव्हतं, म्हणजे रोज दिसत होतं आणि लक्षात आलं नव्हतं. त्या माझ्या खाटेवर आडव्या झाल्या, तोंड भिंतीकडे केलं आणि झोपल्या. दोन तास. मी मशिनवरचा कीस झाडत बसले, आवाज न करता. बाहेरून दोनदा सून "आई, आई" करून गेली. मी उत्तर दिलं नाही. उठल्यावर केस नीट करत म्हणाल्या, "झोप लागली गं मला," जशी काही माझीच चूक. रोज येतात आता. बोलत नाही आम्ही फारसं.

तुमचं टेबल तुम्ही भिंतीला उभं करून ठेवलंय हे मला पसंत नाही. पाय लावा त्याला परत आणि काम करा. ते आता टेबल आहे, चांगलं टेबल आहे, आणि मला दार आहे. जमिनीवर बसून तुमचे गुडघे जातील आणि मग तुमची बायको मला पत्र लिहील.

मधल्या फळीत एक सांधा अर्ध्या मिलिमीटरने चुकलाय. कोणाला दाखवल्याशिवाय दिसणार नाही. तुम्हाला दिसेल. पाऊसपाणी सरलं की या बघायला, दोघंही या. पुढच्या खोलीत आलात की डाव्या हाताला आहे, चुकायचं काही कारण नाही.

आणि वाजवा. उघडायचं की नाही ते मी बघीन.

तुमची वहिनी